जिनाच्या सपरातला वर्ग

यमू,

परवा तुझी तेरवी झाली. पंगती उठल्या, पाहुण्यांनी आपापल्या बंड्या जुंपल्या आणि पडवीत शेजारच्या बायका तेवढ्या उरल्या. त्यांचं बोलणं फिरून फिरून एकाच जागी येत होतं. पोरीनं लग्न केलं असतं तर आज मागे एखादं लेकरू राहिलं असतं. कोणी म्हणे, मायबापानं तिचं ऐकायलाच नको होतं. कोणी म्हणे, शिकवलं तिथेच चुकलं. तुझी माय सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत बसली होती, आणि त्या तांदळात खडे नव्हते.

मला बोलावंसं वाटत होतं. पण मी रिसोडच्या कापड दुकानदाराची बायको, किन्हीराजात पाहुणी. अशा दिवशी पाहुणीनं काय बोलावं? म्हणून आज तुमच्याच ओट्यावर बसून तुझ्याशी बोलते आहे. समोरच्याचं बोलणं पुरतं होऊ द्यायची तुला सवय नव्हती. आता ऐकून घे.

निरोप तुझ्या दादानं आणला. दुकानाच्या पायरीवर बसला, तांब्याभर पाणी प्याला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "यमी गेली, रतनबाई."

मी विचारलं, "कोठी गेली?"

खरंच विचारलं मी. अमरावतीला गेली असशील, कुठल्या शाळेवर बदली झाली असेल, असंच वाटलं. दादा माझ्याकडे बघत राहिला आणि मग पायरीवरच रडायला लागला. मुदतीच्या तापानं तुला घेरलं होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. ह्यांनी दुकान सोडून येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी आत गेले आणि अर्धवट मळलेली कणीक पुरी मळून ठेवली. माणूस अशा वेळी काय करतं, त्याचा काही नेम नाही.

तेव्हापासून मला आपला वाशिमचा वर्गच आठवतो आहे. बाकीची आपली इतकी वर्षं बाजूला सरली आणि ते टिनाचं सप्पर तेवढं डोळ्यांपुढे उभं राहिलं.

आपण मराठी सातवीत होतो. तू किन्हीराजाहून शिकायला आलेली, मावशीकडे राहायचीस. मी गावातलीच. शाळेच्या बाईंनी कुठल्याशा शहरात लहान मुलांचा वर्ग पाहिला होता. पाटी नाही, छडी नाही, मुलं खेळताहेत आणि खेळता खेळता शिकताहेत. त्या एके दिवशी वर्गात म्हणाल्या, "स्टेशनाजवळच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला बाया येतात. त्यांची लहान लेकरं दिवसभर बंड्यांखाली पडलेली असतात. शाळा भरण्याआधी सकाळी दोन-तीन तास तिथे जाऊन कोण बसेल?"

कुणी मान वर करेना. तू हातही वर केला नाहीस, सरळ उभीच राहिलीस. मग माझ्याकडे वळून सगळ्यांदेखत म्हणालीस, "रतन येते. तिचे मोठे बाबा जिनात भागीदार हायेत. जागा भेटून जाईन."

माझ्या आयुष्यातलं ते पहिलं लोककार्य तू मला न विचारता माझ्या गळ्यात घातलंस.

मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, वाईट माणूस नव्हते. मी विचारलं तेव्हा हसले आणि जिनाच्या आवारातलं सरकी ठेवायचं रिकामं सप्पर आपल्याला वापरायला दिलं. वर एक जुनी ताडपत्रीही दिली. अट घरातून आली. तिकडून आल्यावर मी अंगणातच आंघोळ करायची, आणि ते लुगडं वेगळं वाळत टाकायचं. नाल्यापलीकडच्या वस्तीतली लेकरं ना ती. तुझ्या मावशीचीही तीच अट होती. थंडीच्या दिवसांत दोघी आपापल्या अंगणात कुडकुडत आंघोळ करायचो आणि शाळेत एकमेकींचे ओले केस बघून हसायचो. तू म्हणायचीस, "आपून दोघी ह्या गावातल्या सगळ्यात स्वच्छ पोट्ट्या."

पहिल्या सकाळी सगळी लेकरं रडली. आपण दोघी स्वच्छ लुगड्यांत, केसांना तेल लावून सपराच्या दारात उभ्या, आणि त्यांना वाटलं आपण देवी टोचायला आलो आहोत. एकानं जी धूम ठोकली ती थेट त्याच्या मायच्या लुगड्यात जाऊन तोंड लपवलं. मी घरून खडू आणले होते. फळा नव्हता म्हणून टिनावर 'क' काढला. सगळ्यांत लहान पोरानं खडूचा तुकडा उचलून खाल्ला, आणि गोड नाही म्हणून परत रडायला लागला. मी घाबरून तुझ्याकडे पाहिलं. तू जमिनीवर मांडी घालून बसलेली, सरकीचा ढीग पुढे घेऊन, तोंडानं काहीही न बोलता सरकीचं एक घर मांडत होतीस. भिंती, दार, चूल. कुणाकडे बघतसुद्धा नव्हतीस. हळूहळू रडणं थांबलं. एकेक जण येऊन बाजूला बसला. एकानं चुलीत काडी ठेवली. तेव्हा तू पहिलं वाक्य बोललीस. "भाकर कोण टाकते?"

आपला वाद त्याच दिवशी सुरू झाला. मी म्हणायची, यांच्या मायांना अक्षर पाहिजे. लेकराला आपलं नाव लिहिता आलं तर त्या पाठवतील. तू म्हणायचीस, चार वर्षांच्या पोराला नाव लिहून काय करायचं आहे, त्याला आधी त्याच्या नावानं कोणी हाक तर मारू दे. मी रागावून अक्षरं शिकवायची, तू बाजूला बसून घरं बांधायचीस, आणि लेकरं माझ्याकडून तुझ्याकडे सरकत जायची. मला त्याचा हेवा वाटायचा. तुला ते कळायचं, आणि तू मुद्दाम एखाद्याला म्हणायचीस, "जा रे, रतनबाईले ईचारून ये, घराले खिडकी कोठी ठेवू?"

आणि पुंजी. तिच्याशिवाय हा वर्ग मला सांगताच येणार नाही.

कासाबाईची ती पोरगी पाचेक वर्षांची असेल. कडेवर तिचा भाऊ किसन्या. तो इतका थोराड की त्याचे पाय तिच्या गुडघ्यापर्यंत यायचे. एका बाजूला वाकून चालायची. वर्गात यायची, दाराशी उभी राहायची, आत बसायची नाही, कारण बसलं की किसन्या रडायचा. सगळी पोरं खेळायची आणि ही उभ्यानं बघायची. मी तुला म्हटलं, "तान्ही लेकरं इथं नको. ही शाळा हाय, पाळणाघर नाई."

तू उठलीस, दारापाशी गेलीस आणि दोन्ही हात पुढे केलेस. पुंजी एक पाऊल मागे सरली. तू तशीच हात धरून उभी राहिलीस. तिनं किसन्याला आणखी घट्ट धरलं. दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशी तेच. शेवटी एका सकाळी तिनं त्याला तुझ्याकडे दिलं. दिलं आणि तिचे हात तसेच हवेत राहिले, वाकलेले. ते कुठे ठेवावेत हे तिला समजेना. तू किसन्याला कडेवर घेतलंस, त्यानं तुझ्या खांद्यावर मुतलं, तू हूं की चूं केलं नाहीस. मला म्हणालीस, "याले घेतल्याबिगर थे पोट्टी हात मोकळे कशे करीन, सांग बरं?"

त्या दिवसापासून रोज सकाळी किसन्या तुझ्या कडेवर आणि पुंजी सरकीच्या घरात. पहिले काही दिवस ती दर थोड्या वेळानं उठून यायची, त्याच्या पायाला हात लावून बघायची आणि परत जायची. मग एक दिवस आली नाही. तू मला कोपरानं ढोसलंस. पुंजी हसत होती. तिला पुढचे दात नाहीत हे आपल्याला त्या दिवशी कळलं.

पण दहा वाजले की आपल्याला शाळेत जावं लागायचं, आणि ती सगळी लेकरं परत बंड्यांखाली. ते तुला कधी सहन झालं नाही. जाताना तू मागे वळून बघायची नाहीस. मी विचारलं, काहून? तर म्हणालीस, "मांगं पाह्यलं त शाळेत जाववत नाई." पुंजी किसन्याला परत कडेवर घ्यायची आणि एका बाजूला वाकायची.

त्या वर्षी कापूस दांडगा आला. संक्रांतीच्या सुमाराला जिनाच्या आवारात बंड्यांना जागा पुरेना आणि सरकी उघड्यावर पडू लागली. मुनीमजी येऊन म्हणाले, सप्पर रिकामं करा. आपली ताडपत्री त्यांनी बाहेर काढून निंबाखाली टाकली.

मी म्हटलं, "मी मोठ्या बाबाले सांगते."

"नको सांगू."

"काहून?"

"तू सांगशील, थे देतीन. उद्या मुनीम सांगीन, थे काढून घेतीन. ज्यायची लेकरं हायेत त्यायनंच मांगलं पायजे, रतन. आपून कोण?"

मी म्हटलं की त्या बाया कशा मागतील, त्यांचं पोट त्या कामावर आहे. तू म्हणालीस, विचारून तर बघू. त्या दिवशी शाळा सुटल्यावर तू मला ओढत नाल्यापलीकडे नेलंस. कासाबाई चुलीपुढे बसली होती. तू सगळं सांगितलंस, फार चांगलं सांगितलंस, आणि तिनं सगळं ऐकून घेतलं. मग भाकर तव्यावर टाकत ती म्हणाली, "बाई, तुमी कापसाच्या दिवसातल्या पाव्हण्या. पुढच्या साली तुमची लग्नं होतीन. माहं काम गेलं त हे दोघं काय खातीन? निंबाखाली बसवा, बंडीखाली बसवा. माहं काई म्हननं नाई."

येताना तू नाल्यातल्या दगडांवरून उड्या मारल्या नाहीस. पाण्यातून चालत आलीस. मी विचारलं, आता सांगू का मोठ्या बाबांना? तू म्हणालीस, सांग. तुला वादात हरलेली मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला त्याचा आनंद झाला नाही.

मी सांगितलं. मोठे बाबा म्हणाले, "बेटा, सरकी भिजली त वर्षाची मेहनत गेली. हंगाम सरू दे, मग सप्पर तुमचंच."

म्हणजे तुझीही वाट बंद आणि माझीही. आपण निंबाखाली वर्ग भरवला. थंडी अशी की लेकरं एकमेकांना चिकटून बसायची. सरकीची घरं वारा लागून विस्कटायची. तू चिडून म्हणालीस, "तुह्या मोठ्या बाबाले रोज सकाळी मुंग्याले साखर टाकताना पाह्यलं मी. मुंग्या दिसते त्यायले. पोट्टे काहून नाई दिसत?" मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. घरातल्या माणसाबद्दल असं कोणी बोललेलं कोणाला आवडतं? तिसऱ्या दिवशी तू किसन्याला माझ्या कडेवर ठेवलंस आणि म्हणालीस, "धर, मले पाणी आणाचं हाय." तेवढ्यात आपलं भांडण मिटलं.

मग तो दिवस आला. आपण वर्ग सोडून शाळेत गेलो होतो. जेवणाच्या सुट्टीत जिनातला हमाल शाळेच्या फाटकाशी आला आणि त्यानं तुलाच बोलावलं. रेल्वेची शिट्टी ऐकून एका बंडीचे बैल बुजले होते आणि भरलेली बंडी मागे सरकली होती. मागच्या बंडीच्या सावलीत पुंजी बसली होती. किसन्याला तिनं बाहेर ढकललं, असं बाया सांगत होत्या. चाक तिच्या पावलावरून गेलं.

तू बाईंना विचारलं नाहीस, दप्तर घेतलं नाहीस. भर दुपारी सातवीतली मुलगी पदर खोचून बाजारपेठेतून पळत दवाखान्यात गेली आणि अर्ध्या वाशिमनं ते पाहिलं. मी तुझ्या मागून आले तेव्हा डॉक्टर पाय बांधत होते. कासाबाई भिंतीला टेकून खाली बसली होती. पुंजी रडत नव्हती. तिचे दोन्ही हात पुन्हा तसेच वाकलेले, आणि ती सारखी विचारत होती, "किसन्या कोणापाशी हाय?" तू तिच्या तोंडाजवळ वाकून म्हणालीस, "माह्यापाशी हाय. हे पाय." तो खरंच तुझ्या कडेवर होता. कोणाकडून घेतलास, कधी घेतलास, मला दिसलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण जिनात गेलो तेव्हा निंबाखाली एकही लेकरू नव्हतं. मला वाटलं, भ्यायले सगळे, आता कोणी येणार नाही. पुढे गेलो तर जिनाच्या फाटकाच्या आत सगळ्या बाया जमिनीवर बसलेल्या, आणि प्रत्येकीच्या मांडीवर आपापलं पोर. कोणी ओरडत नव्हतं. कापसाचे ढीग तसेच. आत यंत्राचा आवाज कमी कमी होत थांबला, कारण त्याला घालायला निवडलेला कापूस नव्हता. मुनीमजी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते. शेवटी मोठे बाबा आले.

कासाबाई उठली. तिच्या मांडीवर किसन्या होता, त्याला तिनं शेजारणीकडे दिलं. डोक्यावरचा पदर नीट केला.

"मालक, कामाले आमी नाई म्हनत नाई. पण लेकरं डोयापुढं पायजेत. थे सप्पर द्या, अन् त्यायच्यापाशी दिवसभर एक मानूस ठेवा. ह्या पोरी त दहाले जाते."

 मी तुझ्या मागे लपले होते, पण मोठ्या बाबांनी मला पाहिलं होतं. मग त्यांनी विचारलं, "पोरीचा पाय कसा हाय?"

"हाय तसा हाय."

"सरकी माझ्या गोदामात जाईन," ते मुनीमजींना म्हणाले. "सप्पर आजच खाली करा."

बाया उठल्या आणि कामाला लागल्या. कोणी हसलं नाही, कोणी जयजयकार केला नाही. तू मला म्हणालीस, "चाल, झाडाले पायजे." आणि आपण सप्पर झाडलं. दिवसभर लेकरांपाशी बसायला चिंधाबाई नावाची म्हातारी ठेवली. ती गाणी म्हणायची आणि झोपाही काढायची, पण दहानंतर लेकरं बंड्यांखाली गेली नाहीत. पुंजी होळीपर्यंत परत आली. पाय थोडा वाकडा राहिला. आता ती त्या पायानं लंगडायची, भावाच्या ओझ्यानं वाकायची नाही. हे तू म्हणाली होतीस.

इथेच आपला दुसरा वाद सुरू झाला, आणि तो अजून संपलेला नाही. मी म्हणते, मोठे बाबा देणारच होते. पोरीचा पाय पाहून त्यांचं मन हललं. ते त्या रात्री जेवले नाहीत, हे मी घरात पाहिलं आहे. तू म्हणायचीस, त्यांचं मन हललं असेल, पण यंत्र थांबलं तेव्हा हललं. गेल्या अखाजीच्या सणाला तू रिसोडला आलीस तेव्हाही आपण पाट्यावर पुरण वाटता वाटता हेच भांडलो. मी म्हटलं, "जाऊ दे ना आता. दोन-तीन हंगाम चाललं थे, मग जीनच विकलं. सपरात पुन्हा सरकी भरली. काय राह्यलं मग त्याचं?"

तू वरवंटा थांबवलास. "राह्यलं काहून नाई? कासाबाईनं एकडाव मांगून पाह्यलं. आता तिले माहीत हाय मांगता येते म्हून."

 तेवढ्यात माझी लेक आत आली आणि विषय राहून गेला.  मोठे बाबा गेल्या वर्षी वारले, आता तूही गेलीस. माझी बाजू आणि तुझी बाजू, दोन्ही माझ्याच पदरात टाकून गेलात.

आणि तुझे आभार मी कधी मानले नाहीत, यमू. तू शिक्षिका व्हायला नॉर्मल स्कुलात गेलीस, मी सासरी गेले. माझं पहिलं लेकरू सहा दिवसांचं होऊन गेलं, तेव्हा तू कुणी न बोलावता रिसोडला आलीस. घरात सगळे मला समजावत होते. पूर्वकर्म सांगत होते, दुसरं होईल म्हणत होते. तू माझ्या खाटेपाशी बसलीस आणि माझे दोन्ही हात हातात घेऊन तळवे चोळत राहिलीस. माझे हात तेव्हा कसे झाले होते, ते तुला न सांगताच कळलं होतं. जगात दुसऱ्या कोणाला ते कळलं नसतं. तू परत जाताना मी तुला नुसतं "नीट जाजो" म्हटलं. एवढंच.

तू लग्न का केलं नाहीस, तेही मी कधी विचारलं नाही. एकदा विचारायच्या बेतात होते, पण तू पोरांच्या गोष्टी सांगत होतीस आणि इतकी खुशीत होतीस की तो प्रश्न मलाच खोटा वाटला. परवा पडवीतल्या बायकांना हे सांगायचं होतं. तिच्या मागे काही राहिलं नाही म्हणता, तर जरा उठून ती शिकवायची त्या गावातल्या शाळेपर्यंत जा. पण तेव्हा मीसुद्धा तुझी शाळा पाहिलेली नव्हती.

काल सकाळी पाहिली. मालेगावमार्गे रिसोडला जाणारी मोटार धरायला मी सडकेनं निघाले होते. शाळेच्या पडवीत लेकरं बसली होती. मोठ्या वर्गांचे मास्तर आत शिकवत होते, पण तुझ्या बालवर्गाला अजून कोणी नेमलेलं नाही. तरी ती रोज येऊन बसतात, असं मास्तरांनी सांगितलं. "घरी पाठवलं त परत येते. आमी का करावं?"

मी पायरीशी थांबले. त्यांच्यातली एक पोरगी उठली, माझी पिशवी पाहिली, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुमी नव्या बाई हाय काय?"

"नाई. मी तुमच्या बाईची मैत्रीण होय."

"बाई कवा येते?"

एवढे दिवस झाले, यमू, आणि त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मोठी माणसं आपल्या दुःखात होती. मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्यात बसले. सांगितलं. कसं सांगितलं ते मला आठवत नाही. साध्या शब्दांत सांगितलं, बाई आजारी पडल्या, बऱ्या झाल्या नाहीत, आता येणार नाहीत. काही पोरं रडली. काहींना कळलं नाही. त्या पोरीनं विचारलं, "मंग आमाले कोण घेईन?"

सडकेवर मोटार आली. कंडक्टरनं दोनदा हाक मारली, कारण आदल्या दिवशी मी त्याला जागा ठेवायला सांगितलं होतं. मी त्याच्या हाती रिसोडला निरोप पाठवला. म्हटलं, दुकानात सांगा, नवीन बाई येईपर्यंत मी किन्हीराजात आहे. लेकीला सासूबाईंपाशी राहू द्या. हे काय म्हणतील मला माहीत नाही. बहुतेक काही म्हणणार नाहीत. दादा रडत होता तेव्हा त्याच्या पाठीवरचा त्यांचा हात मी पाहिला आहे.

घरी परत आले तेव्हा तुझी माय दारात उभी होती.  मी एकाच लुगड्यावर आले होते. ती आत गेली, तुझी पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि तुझं निळ्या काठाचं लुगडं हातावर घेऊन ती बाहेर आली. आल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. लुगडं माझ्या हातात देताना तिनं ते सोडलं नाही. आम्ही दोघी ते धरून उभ्या राहिलो.

"तिले लांब होत होतं," माय म्हणाली. "तुले बरोबर होईन."

आज सकाळी तेच नेसले आहे. बरोबर होतं. ऊन ओट्यावर आलं आहे, आणि कालची ती पोरगी मला न्यायला फाटकाशी येऊन उभी राहिली आहे. आत ये म्हटलं तर येत नाही. तिच्यासोबत आणखी दोघं आहेत. उठते मी, यमू.